कुंभारणीचं घर

बागबाजारातल्या माझ्या खोलीला गल्लीच्या बाजूने एकच खिडकी आहे. हिरव्या रंगाची, आडव्या पट्ट्यांची, जुन्या कलकत्त्यातल्या घरांना असते तशी. आषाढातल्या एका सकाळी तिची कडी बसेना. चौकटीतलं कडीचं भोक बुजलं होतं. केसातली पिन घालून टोकरलं, तर कोरडी, मैद्यासारखी बारीक माती गळाली आणि तिच्यामागून तीन हिरव्या अळ्या बाहेर आल्या. निपचित, पण जिवंत. मी लगेच ओळखलं. कुंभारीण.

नागपूरला आमच्या ओसरीत दर पावसाळ्यात तिचं घर असायचं. आई ते मोडू द्यायची नाही. इथे घरमालकीणबाईंना, म्हणजे मासीमांना, ती माती दाखवली तर त्या म्हणाल्या, "ओ तो कुमोरे पोका!" कुमोर म्हणजे कुंभार. दोन भाषांनी एकाच कसबावरून एकाच माशीला नाव दिलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्यात आमच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर कुमारटुली, मूर्तिकार कुंभारांची वस्ती. रथयात्रेच्या दिवशी तिथे काठामोची, म्हणजे मूर्तीच्या बांबू-लाकडाच्या सांगाड्याची, पूजा होते आणि मग महिनोनमहिने ती सगळी गल्ली ओल्या मातीची होऊन जाते.

मासीमा हसत होत्या. मी त्या भोकाकडे बघत राहिले. करंगळीचं टोक जेमतेम शिरेल एवढं भोक. विमानाच्या पिटो नळीचं तोंडही साधारण तेवढंच असतं.

मी विमान देखभाल अभियंता आहे. आमच्या धंद्यात एएमई म्हणतात. वीस वर्षांहून जास्त काळ मी शिकाऊ विमानांवर काम केलं, बहुतेक सेस्ना 152 आणि 172 वर. आता दमदमच्या पलीकडे एका संस्थेत हेच काम मुलांना शिकवते. रोज सकाळी श्यामबाजारहून मेट्रो धरायची, दोन स्टेशनांनी दमदमला उतरायचं आणि पुढे रिक्षा. माझ्या गावाचं नाव कळल्यावर मासीमांनी पहिल्याच दिवशी मला मागची मराठा डिच लेन दाखवली. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने 1742 मध्ये इथून खंदक खणायला घेतला होता. तो अर्धाच राहिला आणि मराठे काही कलकत्त्यापर्यंत आले नाहीत. पण बर्गी, म्हणजे आपले बारगीर, इथल्या अंगाईगीतात अजून आहेत. मासीमांनी ती अंगाई मला म्हणून दाखवली आणि वर पानात एक संदेश जास्त वाढला.

पिटोबद्दल सांगते, कारण माझं सगळं शिकणं आणि शिकवणं तिथूनच फिरलं.

आमच्या शिकाऊ विमानांच्या डाव्या पंखाखाली पुढे तोंड केलेली एक छोटी नळी असते. पुढून येणारी हवा तिच्यात दाबली जाते. विमानाच्या अंगावर दुसरीकडे एक बारीक छिद्र असतं, ते आजूबाजूच्या स्थिर हवेचा दाब घेतं. वेग दाखवणाऱ्या घड्याळात पातळ पत्र्याची एक पोकळ डबी असते, लहान मुलाच्या खुळखुळ्याएवढी. तिच्या आत पिटोचा दाब, बाहेर स्थिर दाब. वेग वाढला की डबी फुगते, फुगण्याने एक दांडी हलते, दांडीने दातेरी चाक आणि चाकाने काटा. एवढंच. वीज नाही, तार नाही. उंची दाखवणारं आणि चढ-उताराचा वेग दाखवणारं घड्याळही त्याच स्थिर छिद्रावर जगतं.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये होते. ऑक्टोबरचं ऊन होतं. सकाळचं उड्डाण झालं, विमान हँगरच्या तोंडाशी उभं केलं आणि मी तेल बघत असताना जेवणाची वेळ झाली. पिटोवर लाल फडक्याचं कव्हर चढवायचं असतं. ते माझ्या हातात होतं. मी ते टूलबॉक्सवर ठेवलं आणि हात धुवायला गेले. दोन तासांनी दुपारची पाळी लागली. विद्यार्थ्याने फेरी मारून विमान बघितलं, नळीकडेही बघितलं. पण ती खाली वाकून, उजेडाकडे तोंड करून बघायला हवी, ते त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

विमान धावपट्टीवर धावायला लागलं. इंजिन पूर्ण जोरात, इंजिनाचे सगळे काटे हिरव्या पट्ट्यात. फक्त वेगाचा काटा शून्याच्या खुंटीवरून हलेना. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी थ्रॉटल मागे ओढला, ब्रेक लावले आणि विमान थांबवलं. कुणाला काही झालं नाही. त्यांनी स्नॅग बुकात, म्हणजे बिघाडांच्या वहीत, दोन ओळी लिहिल्या आणि मला बोलावलं.

मी घड्याळामागची नळी आधी सोडवली. तिकडून हवा मारायची तर हे पहिलं करावं लागतं, नाहीतर ती पातळ डबी कायमची फाटते. मग पंखाखाली बसून नळीच्या तोंडात बघितलं. आत ओली माती. दोन तासांपूर्वी ती तिथे नव्हती. बोटाला लागली तेव्हा थंड होती, मातीच्या मडक्याला बाहेरून हात लावल्यावर लागते तशी. नळी साफ केली, गळती तपासली, सही केली. त्या रात्री मला झोप आली नाही. त्या मुलाचं वय एकोणीस होतं, आणि ते कव्हर माझ्या हातात होतं.

पुढे 2013 च्या नोव्हेंबरात ब्रिस्बेनला एका एअरबस ए-330 विमानाचं असंच झाल्याचं वाचलं. विमान जमिनीवर जेमतेम दोन तास होतं. तेवढ्या वेळात कुंभारणीच्याच जातीच्या एका माशीने एका पिटोत घर बांधलं होतं. शेकडो टनांचं विमान आणि आमचं टनभराचं सेस्ना, दोघांनाही वेग सांगणारी नळी सारखीच. वाचून मला दिलासा वाटला नाही. उलट त्या दिवसापासून मी कव्हरांबाबत जास्त कडक झाले.

आता मुलं मला विचारतात, "मॅडम, हे जुन्या घड्याळांचं झालं. जी-1000 मध्ये काय?" जी-1000 म्हणजे गार्मिनची पडद्यांची यंत्रणा, साधारण 2005 पासून नव्या सेस्ना 172 मध्ये येते. सहा गोल घड्याळांच्या जागी दोन मोठे पडदे. मुलांची बोटं मोबाइलवर वाढलेली, त्यांना पडदा आपला वाटतो. मी त्यांना पडद्याकडे बघू देत नाही. आधी पंखाखाली नेते. नळी तीच, स्थिर छिद्र तेच. फक्त नळ्या आता काट्याऐवजी एका डब्यात जातात. तो डबा हवेचा दाब मोजतो, त्याचे आकडे करतो आणि तारेतून पडद्याला देतो. डबा बिघडला, तार तुटली, तर पडदा त्या जागी मोठी लाल फुली मारतो. ती फुली प्रामाणिक असते, मला कळत नाही असं ती सांगते. पण नळीत माती असेल तर फुली येणार नाही. डब्याला दाब मिळतोच आहे. तो चुकीचा आहे हे त्याला कसं कळावं? नळीचं तोंड आणि तिचं पाणी निघायचं बारीक भोक, दोन्ही बुजलेली असतील, तर आतला दाब कोंडून राहतो. मग विमान वर चढू लागलं, बाहेरची हवा विरळ होत गेली, की पडदा वेग वाढल्याचं दाखवत जातो. आकडा नीटस, रंग हिरवा आणि खोटा. वैमानिक तो बघून नाक आणखी वर करतो आणि खरा वेग उतरत जातो.

म्हणून माझ्या वर्गातला पहिला महिना एकाच प्रश्नावर जातो. समोर दिसणारा हा आकडा कुठून आला? पडद्यापासून मागे चालत जायचं, बोट तारेवरून फिरवत, पॅनेलमागे, मजल्याखालून, पंखातून, थेट जिथे तो हवेला, तेलाला, उष्णतेला किंवा पेट्रोलला शिवतो तिथपर्यंत. आकड्याचं माहेर सापडल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही. तेलाचा दाब हा आकडा नाही, इंजिनाच्या अंगाला लावलेला एक तुकडा आहे. तो काढून मुलांच्या हातात दिला की त्यांचे चेहरे बदलतात.

या प्रश्नाने मॅग्नेटोही कळतो. नव्या मुलांना मॅग्नेटो पटत नाही. बॅटरी आहे, अल्टरनेटर आहे, मग इंजिनाची ठिणगी त्यांच्यावर का नाही? मी सांगते, कारण ती यंत्रणा मुद्दाम वेगळी ठेवली आहे. इंजिन फिरलं की त्याच्याच दातेरी चाकाने मॅग्नेटोतलं चुंबक फिरतं, गुंडाळीत वीज तयार होते आणि ठरल्या क्षणी संपर्क तुटून ठिणगी उडते. असे दोन मॅग्नेटो, चार सिलिंडरांना आठ प्लग. उड्डाणात विमानातली सगळी वीज गेली, दिवे विझले, रेडिओ मेला, तरी इंजिन चालू राहतं. मागच्या वैशाखात काळबैशाखीच्या वादळाने आमच्या गल्लीतली वीज गेली तेव्हा मासीमांनी कंदील लावला आणि रोजच्यासारख्या पोळपाटाशी बसल्या. मॅग्नेटो समजावताना मला तो कंदीलच आठवतो.

उड्डाणाआधी दोन्ही मॅग्नेटो तपासायचे असतात. 172 एस वर 1800 फेऱ्यांवर इंजिन धरायचं, चावी फिरवून एक मॅग्नेटो बंद करायचा. एकाच प्लगने जळताना आग सिलिंडरभर पसरायला जास्त वेळ लागतो, म्हणून फेऱ्या थोड्या उतरतात. 150 पर्यंत उतरल्या तर चालतं आणि दोघांमधला फरक 50 च्या आत हवा. परीक्षेत मुलं हे आकडे घडाघडा म्हणतात. मग मी विचारते, "आणि अजिबात उतरल्या नाहीत तर?" निम्मा वर्ग म्हणतो, मग तर फारच छान. इथे मी थांबते, कारण हे चुकलं तर एखाद्याचा हात जाऊ शकतो. मॅग्नेटो बंद करणं म्हणजे त्याची वीज एका तारेने जमिनीला जोडणं. ती तार तुटली असेल, तर चावी कितीही फिरवा, मॅग्नेटो बंद होतच नाही. फेऱ्या उतरत नाहीत. आणि नंतर, चावी खिशात ठेवून कुणी पंखा हाताने जरासा फिरवला, तर इंजिन सुरू होऊ शकतं. विमानाच्या पंख्याला हात लावताना तो आत्ता सुरू होणार आहे असंच समजायचं. मी आजही तसंच समजते.

आमच्या परवान्यांचा विषय निघाला की मला एका ठिकाणची गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वी परवाने अक्षरांनी ओळखले जायचे, सांगाड्याचा वेगळा, इंजिनाचा वेगळा, विजेचा, उपकरणांचा, रेडिओचा वेगळा. आता डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नव्या नियमांत बी-1 आणि बी-2 असे मोठे गट आहेत, एकात सांगाडा, इंजिन आणि विजेची मूळ यंत्रणा, दुसऱ्यात एव्हिऑनिक्स. गरज म्हणून ही वाटणी ठीक आहे. पण विमानाला ती ठाऊक नसते. त्या ठिकाणी एका 172 ची तक्रार होती, उड्डाणाच्या पूर्ण जोरात व्होल्टेज कमी झाल्याचा दिवा लागायचा आणि रेडिओचा आवाज खोल जायचा. इंजिनवाले म्हणाले, रेडिओचं काम. रेडिओवाल्यांनी रेडिओ काढला, बाकावर तपासला, चोख निघाला. मग रेग्युलेटर बदलला. तीन दिवस विमान हँगरमध्ये उभं आणि मुलांचे तास बुडत होते. तिसऱ्या दिवशी तिथले सर्वांत जुने मिस्त्री, ज्यांच्याकडे कुठलाच परवाना नव्हता, त्यांनी विचारलं, "ताई, पट्टा बघितला का?" आम्ही मॅग्नेटो बंद आहेत याची खात्री केली, चावी काढून घेतली, वरचं झाकण काढलं आणि अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबला. तो नको इतका आत गेला. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली होती. जोर वाढला की तो घसरायचा, अल्टरनेटर मागे पडायचा आणि बॅटरी एकटी सगळा भार ओढायची. रबराचा एक पट्टा, आणि त्याचं दुखणं पॅनेलवर विजेचं म्हणून दिसत होतं. मला राग आला तो याचा, की तीन दिवसांत आम्हा शिकलेल्यांपैकी कुणीच आपल्या हद्दीच्या पलीकडे हात घातला नव्हता.

पेट्रोलचं थोडक्यात सांगते. आमचं एव्हगॅस 100 एलएल निळं असतं, रंग मुद्दाम घातलेला. पंखाखालच्या झडपांतून रोज थोडं काचेच्या पेल्यात काढायचं. बंगालच्या दमट हवेत टाक्यांत पाणी साठतंच, ते पेल्याच्या तळाशी थेंब होऊन बसतं. मुलं तो थेंब शोधायला शिकतात. मी त्यांना एकदा पेलाभर नुसतं पाणी काढून दाखवते. त्यात थेंब दिसत नाही, रेघ दिसत नाही, सगळं स्वच्छ. म्हणून रंग बघायचा, वास घ्यायचा, बोटावर उडतं का बघायचं.

आता माझ्या सगळ्यांत आवडत्या भागाकडे येते. सेस्नाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी चीर असते. तिच्यामागे नळी आणि नळीच्या टोकाला पितळी पट्टीची एक शिट्टी. पंखाचा कोन वाढत गेला, पंख हवा सोडण्याच्या बेताला आला, की कमी दाबाचा भाग त्या चिरेवर येतो. तो हवा बाहेर खेचतो आणि शिट्टीतून केविलवाणा सूर निघतो. खरा धोका अजून पाच-दहा नॉट दूर असतो, तेवढ्यात वैमानिकाने नाक खाली करायचं. तिला वीज नको, तार नको. ज्या हवेने पंख तरतो, तीच हवा ओरडते. पडद्यांच्या नव्या सेस्नांतही ही शिट्टी तशीच ठेवली आहे.

ती तपासायची रीत म्हणजे चिरेवर स्वच्छ रुमाल ठेवायचा, तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. पहिल्यांदा सगळी मुलं फुंकतात. फुंकून सूर येत नाही. गेल्या वर्षीच्या बॅचमध्ये श्रीरामपूरची एक मुलगी होती. तिने रुमाल ठेवला, ओढलं, सूर आला, आणि ती तशीच थांबली. म्हणाली, "मॅडम, ए तो हार्मोनियम!" मला तिला मिठी मारावीशी वाटली. खरंच पेटीच. पितळी पट्टी, खालून हवा, तोच धर्म. आणि हातपेटी तर कलकत्त्याचीच. द्वारकिन दुकानाच्या द्वारकानाथ घोषांनी पायपेटीला हाताच्या भात्याचं रूप इथेच दिलं. आमच्या खालच्या मजल्यावर मासीमांची नात रोज संध्याकाळी पेटी घेऊन बसते. एकदा एक स्वर मुका झाला, तेव्हा मी झाकण उघडलं. पट्टीखाली धुळीचा कण अडकला होता. पातळ कागद सरकवून तो काढला आणि स्वर परत आला. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये मी मुलांना हीच दुरुस्ती सांगितली, विमानाच्या शिट्टीची म्हणून.

आमच्या संस्थेत एक जुनं पुष्पक आहे, उडत नाही, शिकण्यासाठी ठेवलंय. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात घडलेलं, कापडाने मढवलेलं दोन आसनांचं विमान. कधीकाळी देशभरच्या फ्लाइंग क्लबांत हीच असायची. त्याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-2 हे शिकाऊ विमान घडवलं. ते 1951 मध्ये उडालं. आपल्याकडे आखून आपल्याकडेच बनवलेलं ते पहिलं विमान, आणि त्याचा आराखडा एका मराठी माणसाचा, जर्मनीत वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या. आपण आधी शिकाऊ विमान केलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पुष्पकाचं कापड एका जागी आम्ही उघडं ठेवलंय. कुमारटुलीजवळची मुलं आत डोकावून लगेच म्हणतात, काठामो. बांबू, त्यावर सुतळीने बांधलेला पेंढा, त्यावर माती, सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या, मग रंग. भार कोण घेतं आणि आकार कोण देतं, हे त्यांना मला शिकवावं लागत नाही.

त्या सकाळी खिडकीचं भोक साफ झाल्यावर मी मासीमांना ऑक्टोबरची गोष्ट सांगितली, टूलबॉक्सवर राहिलेल्या कव्हरासकट. सोळा वर्षांत घराबाहेर ती पहिल्यांदाच सांगत होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि लाल काठाची जुनी पांढरी साडी घेऊन आल्या. माप मागितलं. मी करंगळी पुढे केली.

आठवड्याने त्यांनी चार पिशव्या शिवून दिल्या, आमच्या जमिनीवरच्या विमानांसाठी. प्रत्येकीला हातभर लांब लाल शेपटी. "एवढ्याशा भोकाला एवढं लांब कापड?" त्यांनी शिवताना विचारलं होतं. मी म्हटलं, मासीमा, ते लांबून दिसायला हवं, कुणी विसरलं तर हँगरच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही. तेव्हा त्यांनी प्रत्येक शेपटीला आणखी वीतभर जोड दिली.

सोमवारी त्या पिशव्या नेल्या. श्रीरामपूरची ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. तिने पहिली पिशवी घेतली, पंखाखाली वाकली, आधी नळीच्या तोंडात उजेड पाडून बघितलं आणि मग ती चढवली.